निळे कॅरेट आणि वेताच्या टोपल्या

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीने दलालाला शेतीतून हाकलायचं ठरवलं ते वार्षिक सभेत, समोसे संपल्यावर. गच्चीवरच्या गळक्या टाकीचा विषय कित्येक सभांपासून लोंबकळत होता, तो त्या दिवशीही लोंबकळतच राहिला. शेतकऱ्याला न्याय देण्याचा ठराव मात्र चहा गार व्हायच्या आत मंजूर झाला. मांडणारे होते आमचे सेक्रेटरी. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले गृहस्थ. जन्मभर लोक आणि त्यांचेच पैसे यांच्या मध्ये बसून पगार घेतला, आणि आता त्यांना शेतकरी आणि ग्राहक यांच्या मध्ये कोणीही नको होतं.

शेतकरी शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. तो माझ्या घरात चहा पीत बसला होता.

माझ्या बायकोचा थोरला भाऊ डहाणूच्या बाजूला राहतो. त्याची चिकूची बाग आहे. बायको त्याला दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. वर्षातून तीन-चार वेळा तो आमच्याकडे येतो तेव्हा पिशवीभर चिकू आणतो. त्यातले थोडे सेक्रेटरींच्या घरी गेले होते आणि ते त्यांना फार आवडले होते. त्यांना आवडलेली गोष्ट त्यांना कमी भावात आणि मोठ्या तत्त्वाच्या नावाने हवी असते, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.

दादाचा माल वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याकडे जायचा. त्या भागात प्रत्येक व्यापारी आपल्या बागायतदारांना प्लॅस्टिकचे क्रेट देतो, त्यांना तिकडे सगळे कॅरेट म्हणतात. दादाच्या व्यापाऱ्याचे कॅरेट निळे, बाजूला पांढऱ्या रंगात त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर. भरलेले कॅरेट बांधावर ठेवायचे, त्याचा टेम्पो येऊन उचलून नेतो आणि तेवढेच रिकामे टाकून जातो. कागद नाही, करार नाही. दारात निळे कॅरेट आहेत तोवर तुम्ही त्याचे आणि तो तुमचा. एखाद्याने सगळे कॅरेट परत केले, तर वाडीत त्याचा अर्थ सोयरीक मोडल्यासारखा घेतात.

हा व्यापारी काही देवमाणूस नव्हता. वजनात थोडं कापायचा, हमालीच्या नावाखाली थोडं कापायचा, आणि बाजार पडला की भाव पाडून सांगायचा, तोही खऱ्याहून थोडा जास्तच पाडून. दादा हे हसत सांगायचा. पण झाडावर असेल तो सगळा माल तो उचलायचा: मोठा, बारका, वाकडा, डाग पडलेला. निवड नाही. मी मरोळला एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. चांगल्या नगाला काय भाव मिळाला यावर धंदा चालत नाही, बाजूला काढलेल्या नगांचं काय झालं यावर चालतो, एवढं मला त्या कामाने शिकवलं आहे. सोसायटीत हे कोणाला कळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि ती पूर्ण झाली.

पहिल्या रविवारी दादा आपल्या मालातला थोडा भाग घेऊन आला. गेटच्या आत, मीटरच्या खोलीसमोर टेबल मांडलं होतं. वर फ्लेक्स: ‘थेट शेतातून, थेट घरात’. फ्लेक्सवर शेतकऱ्याचा फोटो होता. तो पगडीवाला कुठल्या राज्यातला होता देव जाणे. त्याच्या मागे गव्हाचं शेत होतं. खाली उभा असलेला दादा चेक्सचा शर्ट आणि पँट घालून आला होता. दोन-तीन जणांनी मला विचारलंही, हेच का ते शेतकरी?

माल तासाभरात संपला. संपला म्हणजे मोठे चिकू संपले.

आमच्या लोकांची चिकू घेण्याची एक पद्धत आहे. आधी अंगठ्याने दाबायचा. मग दुसरा दाबायचा. मग पहिला पुन्हा दाबून बघायचा, मधल्या वेळात पिकला असेल म्हणून. चिकू झाडावरून काढतात तेव्हा दगडासारखा असतो, तो तीन-चार दिवसांनी पिकतो आणि तो दाबायचा नसतो, हे दादाने पहिल्या दहा जणांना सांगितलं. नंतर सांगणं सोडलं. बी विंगच्या काकी तर नखाने साल खरवडायच्या. आत हिरवं दिसलं तर फळ कोवळं, असं त्यांना मोबाइलवर आलं होतं. त्या एक चिकू खरवडायच्या, चीक आला की ठेवून द्यायच्या, दुसरा घ्यायच्या. त्यांनी न घेतलेल्या प्रत्येक चिकूवर संध्याकाळपर्यंत काळी रेघ उमटायची. शेतकऱ्याच्या घामाला दाम मिळाला पाहिजे असं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त त्याच लिहायच्या.

पण मला एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. दुसऱ्या रविवारी सी विंगमधला एक तरुण खाली आला आणि दादाला म्हणाला, “काका, काय चिकू होते यार! आई म्हणते असे तिने लहानपणी खाल्ले होते.” दादा नुसता हसला. जेवताना मात्र तो घास हातात धरून थांबला. बायकोला म्हणाला, “इतकी वर्षं चिकू विकतोय गं. खाणाऱ्याचं तोंड आज पहिल्यांदा बघितलं.”

व्यापाऱ्याने त्याला भाव दिला होता, टेम्पो दिला होता, मुलीच्या लग्नात आहेरही दिला होता. फळ गोड होतं हे कधी सांगितलं नव्हतं. त्यालाही ते माहीत नसणार. माझ्या मते दादा सोसायटीकडे ओढला गेला तो या एका वाक्यामुळे. लोकांना वाटलं, जास्त भावामुळे. लोकांना सगळं भावामुळेच होतं असं वाटतं, कारण त्यांचं तसं होतं.

मग फोटोंवरून गोंधळ झाला. रविवारचे फोटो ग्रुपवर पडले आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की ‘थेट शेतातून’ या अक्षरांखाली निळे कॅरेट रचले आहेत आणि त्यावर एका व्यापाऱ्याचं अक्षर आहे. दादाने घरात होते ते कॅरेट भरून आणले होते, दुसरे कशात आणणार? पण ग्रुपवर आग लागली. हा माल शेतातला की दलालाचा? आपली फसवणूक तर होत नाही? सेक्रेटरींनी सगळ्यांना शांत केलं आणि तोडगा काढला: यापुढे माल वेताच्या टोपल्यांत यावा. दिसायलाही नैसर्गिक. हा त्यांचाच शब्द.

टोपलीत तळाचे चिकू वरच्यांच्या वजनाने दबतात, टोपल्या एकावर एक रचता येत नाहीत आणि कॅरेटला भोकं आहेत ती हवा खेळायला आहेत, एवढं मी त्यांना लिफ्टमध्ये सांगितलं. ते म्हणाले, “अहो, तुम्ही प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद मांडता. थोडं सौंदर्यही बघा ना.”

तिकडे वाडीतही कॅरेटचाच विषय निघाला होता. टेम्पोवाल्याने रिकामे मोजले, ते कमी भरले. निळे कॅरेट बोरिवलीला जातात हे व्यापाऱ्याच्या कानावर गेलं. त्याने दादाला बोलावून घेतलं. ओरडला नाही, भांडला नाही. माझे कॅरेट माझ्या मालासाठी आहेत, एवढंच म्हणाला. दुसरा रस्ता सापडला असेल तर खुशाल जा, कॅरेट तेवढे आणून ठेव.

त्या आठवड्यात दादा मुद्दाम मधल्या वारी आला. सेक्रेटरींना आमच्या घरी बोलावलं. समोर उन्हाळ्याचा बहर होता. चिकू बाराही महिने येतो, पण त्या दिवसांत झाडं वाकतात. दादाने एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला एकमेव शहाणा प्रश्न होता.

“साहेब, सगळा माल उचलाल का?”

“हा काय प्रश्न झाला?” सेक्रेटरी म्हणाले. “आमच्या चार विंग आहेत. शेजारच्या दोन सोसायट्या माझ्या शब्दातल्या आहेत. तुम्ही आणून तर बघा.”

मी म्हणालो की चिकू म्हणजे कांदा नव्हे, घरात रोज लागत नाही. प्रत्येक दाराने दर आठवड्याला दोन किलो घेतले, आणि असं कधीच होणार नाही, तरी बहरातला निम्मासुद्धा माल उठत नाही. शिवाय आपले लोक फक्त मोठे उचलतात. बारक्यांचं काय करायचं?

“भावोजी, बारके मी ज्यूसवाल्यांना देईन,” दादा म्हणाला. त्याने आधीच ठरवलं होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

“तुमचे हे भावोजी ना,” सेक्रेटरी त्याला म्हणाले, “आमच्या दिवाळीच्या फराळाचाही प्रति नग खर्च काढतात.” दोघे हसले. बायको हसली नाही. सेक्रेटरी गेल्यावर ती दादाला म्हणाली, “हा माणूस भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतो रे. आणि तू याच्या शब्दावर बाग टाकतोयस?” दादा म्हणाला, बाग कोणी टाकत नाही, फक्त कॅरेट परत करतोय.

त्याने ते धुऊन, पुसून, रचून परत केले. व्यापाऱ्याने मोजून घेतले आणि चहा पाजला.

एप्रिलचे पहिले रविवार बरे गेले. टोपल्यांचे फोटो सुंदर आले. सेक्रेटरींनी टोपलीला हात लावून फोटो काढला, तो बराच काळ त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होता. तळाचे चिकू फोटोत येत नाहीत. ते दादा वेगळे काढून आमच्या बाल्कनीत ठेवायचा आणि रविवारी संध्याकाळी आम्ही घरी ठेवू तेवढे ठेवून बाकीचे मी ओळखीच्या लोकांना वाटायचो. बारके ज्यूसवाल्यांनी एकदा घेतले. दुसऱ्यांदा म्हणाले की त्यांना बाजारातून पिकवून मिळतात, सकाळी फोन केला की दुपारी येतात, मग तुमच्या रविवारची वाट कशाला बघायची? मला त्यात चूक दिसली नाही.

शेजारच्या दोन सोसायट्यांपैकी एकीने कळवलं की त्यांच्याकडे आधीच कोणी आंबेवाला येतो आणि त्यांच्या कमिटीला दोन शेतकरी परवडत नाहीत. दुसरीने कळवलंही नाही.

आणि मग मे महिना आला. यात आश्चर्य वाटण्यासारखं काय होतं? मे दर वर्षी येतो. परीक्षा संपतात, मुलांना सुट्ट्या लागतात, अर्धी सोसायटी कोकणात जाते आणि उरलेल्यातली अर्धी डोंगर बघायला. दारोदार दूध बंदच्या चिठ्ठ्या लागतात. हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं असं नाही. दर मे महिन्यात पाण्याचं बिल कमी आलं म्हणून तेच सभेत श्रेय घेतात. झाड मात्र सुट्टीवर जात नाही. शेतकऱ्याचा सगळ्यात भरलेला महिना आणि ग्राहकाचा सगळ्यात रिकामा महिना एकच, एवढी साधी गोष्ट. ती जुळवायला मध्ये कोणीतरी लागतं, ज्याला माल आज दिल्लीला आणि उद्या दुसरीकडे वळवता येतो. त्यालाच आम्ही समोसे खाऊन हाकललं होतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी दादा भाड्याचा टेम्पो भरून आला. खाली सात-आठ माणसं. प्रत्येकाला अर्धा किलो, आणि आजच खायचेत तेव्हा पिकलेले. बी विंगच्या काकी होत्या. त्यांनी चार खरवडले आणि म्हणाल्या की चव बघायला एक घरी नेते, सून सांगेल तसं कळवते.

दादाने मला विचारलं, “सेक्रेटरी कुठे आहेत?”

सेक्रेटरी हिमाचलात होते. ग्रुपवर त्यांचा बर्फाचा फोटो आला होता. माल खाली पडून आहे असं मी लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं की नेटवर्क नाही, सगळ्यांनी शेतकरी बांधवाला सहकार्य करावं. खाली नमस्काराचे तीन हात. त्यावर बाहेरगावी असलेल्या लोकांनी अंगठे दाखवले. त्या दिवशी मी मोजलं नाही, पण विकलेल्या चिकूंपेक्षा अंगठे जास्त असावेत.

दुपारनंतर ऊन टोपल्यांवर आलं. दाबलेल्या चिकूंना वास सुटला. वॉचमन येऊन बिचकत म्हणाला की मीटरच्या खोलीत माश्या होतायत, मॅडम लोक बोलतायत. आम्ही टोपल्या उचलून आमच्या घरात आणल्या. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, पलंगाखाली. टोपल्या रचता येत नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं, पण त्या वेळी ते पुन्हा बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

दादा खाली फरशीवर बसला. त्याने पिकायला लागलेले एका बाजूला काढायला सुरुवात केली, मग थांबला. झाडावर यापेक्षा दुप्पट माल होता आणि तो पुढच्या रविवारपर्यंत थांबणार नव्हता. त्याने फोन काढला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. व्यापाऱ्याचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, दादाचंच बोलणं येत होतं. कसे आहात, मुलगा कसा आहे, बाजार कसा आहे, असं आधी सगळं झालं. मग दादा म्हणाला, “कॅरेट पाहिजे होते.”

तो एकदा “हो” म्हणाला, एकदा “चालेल” म्हणाला. फोन ठेवून त्याने सांगितलं, कॅरेट देतोय. आधी आमची बाग टेम्पोच्या रस्त्यात पहिली होती, सकाळी उन्हाच्या आत माल निघायचा. तो नंबर आता दुसऱ्याला दिलाय. आम्ही शेवटी. म्हणजे माल दुपारपर्यंत बांधावर तापणार.

“किती दिवस शेवटी?” बायकोने विचारलं.

“तो म्हणाला, बघू.”

मला राग आला, आणि तो त्या वेळी त्या व्यापाऱ्यावर आला. म्हणालो, दादा, हा माणूस तुम्हाला वजनात लुटतो, भावात लुटतो, आणि वर शिक्षाही करतो. कशाला त्याच्याकडे जायचं? दुसरा बघा.

दादा चिकू निवडत होता. वर न बघता म्हणाला, “त्याची चोरी मला माहीत आहे, भावोजी. किती कापणार ते धरून मी वर्ष काढतो. तुमच्या लोकांचं काय धरायचं?”

मी खाली बसून त्याच्याबरोबर चिकू निवडायला लागलो.

त्या टोपल्यांतले निम्मे चिकू आम्ही वाटले, उरलेले गेले. टोपल्या अजून माझ्या बाल्कनीत आहेत. एकीत बायकोने कढीपत्ता लावला आहे.

जूनच्या सभेत सेक्रेटरींनी उपक्रमाचा आढावा घेतला. प्रतिसाद उत्तम होता, पण शेतकऱ्यांमध्ये अजून सातत्याची जाणीव नाही, असं त्यांनी मांडलं. माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचं मोठं मन. पुढच्या वर्षी स्ट्रॉबेरीवाला बघावा असं ठरलं. स्ट्रॉबेरी दाबली तर काय होतं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी त्याऐवजी गच्चीच्या टाकीचं विचारलं.

त्याच आठवड्यात मी स्टेशनजवळच्या बाजारात गेलो होतो. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे चिकू होते. निळ्या कॅरेटमध्ये, आणि कॅरेटवर ते पांढरं अक्षर. बी विंगच्या काकी तिथे आधीच उभ्या होत्या. त्यांचा अंगठा पुढे गेला.

“काकी, हात नको लावू ना,” फळवाला म्हणाला. “कधी खायचाय ते सांग. मी देतो.”

आणि काकींनी हात मागे घेतला. खरोखर घेतला. परवा खायचेत म्हणाल्या, त्याने दिले ते मुकाट्याने पिशवीत टाकले, भावाबद्दल एक शब्द काढला नाही. मग मी दिसलो. म्हणाल्या, “याच्याकडचे मागच्या वेळी नेले होते. इतके गोड निघाले. तुमच्या मेहुण्यांचे असे नव्हते हो कधी.”

घरी येऊन मी बायकोला सांगितलं आणि तिने लगेच दादाला फोन लावून त्यालाही सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने आधी तिच्याकडून कॅरेटवरच्या अक्षराची खात्री करून घेतली. मी फोन घेऊन म्हणालो, त्या व्यापाऱ्याकडे पन्नास बागांचा माल जातो, त्यातला तुमचाच असेल असं कशावरून?

“कशावरूनच नाही,” तो म्हणाला. मग विचारलं, “त्या बाईने दाबला होता का?”

नाही म्हणालो. फळवाल्याने दाबू दिला नाही.

“मग गोड लागणारच,” दादा म्हणाला. बोलता बोलता त्याने सांगितलं की टेम्पो अजून शेवटीच येतो, पण काल व्यापाऱ्याने चार कॅरेट जास्तीचे टाकले.

फोन ठेवायच्या आधी त्याने पुन्हा विचारलं, “काय म्हणाली ती नक्की? गोड म्हणाली, का फार गोड म्हणाली?”

मी सांगितलं, इतके गोड म्हणाली.